मानेखालचं पाणी

काचेच्या भांड्यात गुलाबी द्रव होता आणि त्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची एक पांढरट नळी टांगलेली होती. मधोमध तिला चीर गेली होती.

“ही माझी?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“तुमचीच,” प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी म्हणाली. “काल फुटली.”

मास्तरीणबाई वाकून बघत राहिल्या. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे त्यांच्या मानेत एक प्लास्टिकची नळी बसवलेली होती. आठवड्यातून तीनदा तिच्यातून रक्त यंत्रात जाई आणि साफ होऊन परत येई. हाताच्या शिरा केव्हाच कामातून गेल्या होत्या. मानेतली नळी भिजवायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. तलावावर जन्मभर लहानथोरांना पोहायला शिकवलेल्या या बाईंना दोन वर्षं डोक्यावरून पाणी घेता आलं नव्हतं. अंघोळसुद्धा मानेखालून, तीही सुनेच्या पहाऱ्यात. इथे तयार होणारी रक्तवाहिनी हातात बसली, की मानेतली नळी निघणार होती.

“अशी कशी फुटली?” शेजारी उभ्या सुनेचा आवाज चढला.

“ही नळी आम्ही मुद्दाम विरघळणाऱ्या रबराची करतो,” मुलगी म्हणाली. “तिच्यावर बाईंच्याच पायातल्या शिरेच्या पेशी वाढवतो. पंप ठोके देतो, रबर ताणलं जातं, आखडतं, आणि त्या ताणावर पेशी आपली भिंत बांधतात. भिंत उभी राहीपर्यंत रबरानं टिकायला हवं. या वेळी ते आधीच विरलं.”

“म्हणजे पोटाखालचा हात लवकर काढलास,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

मुलीला आधी कळलं नाही. मग तिनं मान खाली घातली. “हो. तसंच झालं.”

“होतं गं. माझ्याकडूनही झालंय. मग पोरगं नाकातोंडात पाणी घेऊन वर येतं आणि तलावाकडे फिरकत नाही.”

“मग काय करायचात?”

“त्याच्या घरी जायचे.”

मुलगी त्यांच्याकडे वळली. “बाई, परत करायचं तर पुन्हा शीर लागेल. या वेळी दुसऱ्या पायातली. रबर सावकाश विरणारं घेतलंय.”

“आई, पुरे झालं आता,” सून म्हणाली. “मागची जखम भरता भरत नव्हती. पट्ट्या मी बदलल्यात. घरी मोठा टब आणू, त्यात बसा हवं तेवढं.”

“टबात बुडं भिजतात, बाळा. पोहणं होत नाही.”

सून हसली नाही. तिनं तोंड फिरवलं. मास्तरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू देत मुलीकडे पाहिलं.

“या वेळी टिकेल?”

“सांगता येत नाही.”

“बरं. बोलव तुझ्या डॉक्टरांना.”

मुलगी डॉक्टरांना आणायला गेली. सूनही डोळे पुसत बाहेर पडली. खोलीत पंपाची टकटक तेवढी राहिली.

ओट्यावर स्टीलची एक उघडी टाकी होती. औषधांच्या बाटल्या कोमट राहाव्यात म्हणून तिच्यात पाणी भरून ठेवलेलं असे. मास्तरीणबाईंनी बोट बुडवून पाहिलं. पाणी अंगाएवढंच गरम होतं. त्यांनी बाही दुमडली.

मुलगी परत आली ती दारातच थबकली. त्या टाकीत कुणी हात घालायचा नाही, असा नियम तिनंच केला होता. मागून डॉक्टर येत होते. तिनं हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

मास्तरीणबाईंचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. बोटं जुळलेली, तळवा जरासा तिरका. त्यांनी सावकाश पाणी मागे सारलं. बाटल्या एकमेकींवर हलकेच आपटल्या. हात बाहेर आला, पुढे गेला, पुन्हा पाण्यात शिरला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मग, जपून, नळी ओढली जाणार नाही इतकीच, त्यांनी मान एका बाजूला वळवली आणि तोंडानं श्वास घेतला.