आधी आय

"आयशिवाय मायसेल्फ जन्माला येत नाही, गाढवांनो!" घाडगे सरांनी तीस वर्षं हा इंग्रजीचा नियम पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितला. "मायसेल्फ अमुकतमुक" अशी ओळख करून देणारा दिसला, की तो बाकावर उभा.

आज लेकीचे होणारे सासरे थेट लंडनहून घरी आले होते. त्या गोऱ्या साहेबांनी हात पुढे केला आणि सरांनी सकाळपासून आरशासमोर घोकलेलं वाक्य पार विरघळलं.

"मायसेल्फ घाडगे!"

लेक फिसकन हसली. "बाबा, आय कुठे गेली?"

"कुठं जातीय? हितंच हाय की!" कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली सरांची आई म्हणाली.

साहेबांना काहीच कळेना. सर मात्र चष्मा सावरत निमूट स्टुलावर उभे राहिले.