पाचपैकी पाच

"झोप कशी लागते?" संशोधनासाठी आलेल्या मुलीने विचारलं. "एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम."

"पाच," मास्तर म्हणाले.

हा सोळावा प्रश्न होता आणि हे सोळावं पाच होतं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, डायलिसिसच्या हॉलमध्ये सात नंबरच्या खुर्चीत. उजव्या हातात दोन सुया, त्यांना नळ्या, नळ्या मशीनला. हात हलवायची सोय नाही, म्हणून मुलगी प्रश्न वाचत होती आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे गोल रंगवत होती.

"अंगदुखी?"

"पाच."

"इथे उलटं आहे, काका. पाच म्हणजे असह्य दुखतं."

मास्तर गडबडले. "मग एक. जे चांगलं असेल ते लिहा."

शेजारचं मशीन तपासणाऱ्या सिस्टरला राहवलं नाही. "मास्तर, तासाभरापूर्वी पायात गोळा आला तेव्हा टॉवेल दातात धरला होता तुम्ही."

"सिस्टर, प्लीज. पेशंटनेच सांगायचं असतं," मुलगी म्हणाली. सिस्टर ओठ मिटून आपल्या टेबलाकडे गेली. तिलाही एक फॉर्म भरायचा होता, पिवळा, कर्मचाऱ्यांसाठीचा.

मुलीचं पेन थांबलं. जे सांगतील ते लिहायचं, वर चढवायचं नाही, खाली उतरवायचं नाही, हा नियम. आतापर्यंत बासष्ट फॉर्म झाले होते, पण इतकं सुखी माणूस तिला बाहेरही कुठे भेटलं नव्हतं.

"काका, खरंच असं आहे?"

मास्तरांनी टेबलाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "किती मार्क लागतात?"

"कशाला?"

"मशीन चालू राहायला."

मास्तरांनी हनुवटीने आठ नंबरची खुर्ची दाखवली. तिथे एक बाई डुलक्या घेत होत्या.

"तिथे एक पोस्टमन बसायचे. दीड वर्ष शेजार आमचा. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर इथेच उभं राहून म्हणाले, यांची क्वालिटी ऑफ लाइफ काही राहिलेली नाही. पुढच्या सोमवारी खुर्ची रिकामी." त्यांनी तिच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. "आणि आज तुम्ही तेच शब्द छापून आणलेत."

फॉर्मच्या डोक्यावर ते ठळक अक्षरांत होतेच.

"याचा उपचारांशी काही संबंध नाही हो. तुमचं नावसुद्धा नाही यावर."

"असं तुम्हाला सांगितलंय."

खरंच, तिलाही कुणीतरी सांगितलंच होतं.

"माप देताना माणूस पोट आत ओढतोच, बाई," मास्तर म्हणाले. "मी तरी काय करणार?"

मुलगी उठून टेबलापाशी गेली. सिस्टरचा फॉर्म भरून झाला होता. 'रुग्णाला त्याच्या उपचारांविषयी समजेल असे सांगते', पुढे 'नेहमी'वर खूण.

"सिस्टर, आठ नंबरचे पोस्टमन कसे गेले?"

"बसने."

"म्हणजे?"

"त्यांची मुलगी आली होती न्यायला. इथे यायला दोन तास, जायला दोन तास, त्यात हा आजार. जगणं कसलं ते? डॉक्टरांनीच तिच्या गावच्या सेंटरला चिठ्ठी दिली. का?"

"हे मास्तरांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही," सिस्टर म्हणाली. मग तिने आपल्याच खुणेकडे पाहिलं. खोडावी की ठेवावी, तिला ठरवता येईना. पेन तसंच टाकून ती सात नंबरकडे गेली.

"मास्तर, तुमचे पोस्टमन बरे आहेत. मुलीकडे असतात."

"बरं," मास्तर म्हणाले. लहान मुलाचं ऐकून घ्यावं, तसं.

"अहो, खरंच."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

सिस्टरने खिशातून मोबाइल काढला. नंबर सापडेपर्यंत वेळ गेला. पहिल्यांदा रिंग वाजून वाजून थांबली. मास्तर खिडकीकडे बघू लागले. दुसऱ्यांदा फोन उचलला गेला आणि मागे ओळखीची टिक-टिक ऐकू आली, अशाच एखाद्या मशीनची.

"कोण, सिस्टर? लवकर बोला, आत्ताच सुया लावल्यात."

सिस्टरने फोन मास्तरांच्या कानाला लावला. मास्तर आधी ती टिक-टिकच ऐकत राहिले.

"हॅलो? कोण आहे?"

"सात नंबर," मास्तर म्हणाले.

मग पोस्टमनचा मोठा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला. "अहो, आहात तुम्ही? दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं, ते परत आलं. मला वाटलं, तुम्ही..."

"दुकान बंद केलं मी."

सिस्टरने चमकून मास्तरांकडे पाहिलं. दर दोन दिवसांनी ती या माणसाचं वजन घेत होती, रक्तदाब बघत होती. दुकानाचं तिला आत्ता कळत होतं.

फोन संपला तरी मास्तर कान तसाच कलता धरून बसले होते. सिस्टर तिथून हलली नाही. मुलगी पुन्हा स्टुलावर टेकली. आधीचे सतरा गोल खरे धरायचे की खोटे, आणि नवा फॉर्म घेतला तर माणसं त्रेसष्ट होतात की चौसष्ट, तिला कळेना. शेवटी तिने पुढचा प्रश्न वाचला.

"गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला कशाची भीती वाटली का?"

मास्तरांनी आठ नंबरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"याला लिहायला जागा किती आहे?" त्यांनी विचारलं.

मुलीने फॉर्म पाहिला. पाच बारीक गोल होते.