एसेनची वंशावळ

"वहिनी, सोडा नाद. हे आता उघडायचं नाही," एर्मेक खुर्ची मागे सरकवत म्हणाला.

"उघडेल. पुन्हा करून बघा, भावजी," म्हणत अनीपानं त्याच्यापुढे चहाचा वाडगा ठेवला.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. संगणक एसेनचा, म्हणजे अनीपाच्या नवऱ्याचा. इथल्या, काराकोल शहरातल्या शाळेत तो संगणक शिकवायचा. दहा वर्षं खपून त्यानं कुळाची वंशावळ वेबसाइटच्या रूपात याच यंत्रावर मांडली होती. इंटरनेटवर कधी चढवली नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तो बायकोला म्हणाला होता, "मी लिहिलंय ते एर्मेकला दाखव. एवढं माझं काम कर."

उद्या एसेनचं वर्षश्राद्ध. परवा एर्मेक राजधानीला, बिश्केकच्या कॉलेजात परत जाणार. त्यात यंत्राची डिस्क करकरायला लागलेली. आज नाही तर कधीच नाही, हे अनीपाला पक्कं ठाऊक होतं.

एर्मेक या घरातलं शेंडेफळ. डोंगरातलं गाव सोडून कुटुंब इथं आलं तेव्हा तो महिन्याचा होता. आता वीस वर्षांचा झालाय, प्रोग्रॅमिंग शिकतोय आणि चेष्टेशिवाय एक वाक्य बोलत नाही.

"दादाचा हा सर्व्हर आमच्या पणजोबांच्या वयाचा असेल," तो म्हणाला. "सर्व्हरच्या नव्या आवृत्तीला यातलं ओ की ठो कळत नाही. त्यापेक्षा बाबांचं छापील पुस्तक आहे ना, त्यातली नावं तासाभरात नव्यानं भरून देतो."

"पुस्तकातली नकोत. यांनी लिहिलेलीच हवीत."

"अहो, नावं तीच की."

अनीपानं पडदा पुन्हा त्याच्याकडे वळवला.

तेवढ्यात सासरे, सागिनबाय, दाराशी आले. बाहेर उद्याच्या जेवणासाठी रिवाजाप्रमाणे घोडा कापून झाला होता.

"बायकांचीही नावं घातलीत म्हणे त्यानं," म्हातारा म्हणाला. "सात पिढ्या बापांच्या मोजतात, सूनबाई, आयांच्या नाही. बंद कर ते आणि कणकेचे बोरसोक तळायला घे. पाहुण्यांना काय यंत्र वाढणार आहेस?"

"हे झालं की तळते, बाबा."

बावीस वर्षांत तिनं सासऱ्यांना दिलेलं हे पहिलंच उलट उत्तर. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तो गेला नाही, भिंतीला टेकून खाली बसला.

"वहिनी हट्टाला पेटल्या, आता आपली काही खैर नाही," म्हणत एर्मेकनं बाह्या वर केल्या. नवी आवृत्ती काढून टाकली. एसेनच्या कपाटात जुन्या सीडी सापडल्या. त्यानं वापरलेलीच आवृत्ती आधी चढवली. नावांचा डेटाबेस सुरू झाला. लगेच त्याच्या दोन प्रती काढल्या. मग एकदम उडी न मारता पायरी पायरीनं वर: एक आवृत्ती चढवायची, पान उघडून बघायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, मग पुढची. दोनदा सगळं कोसळलं. दोन्ही वेळा अनीपा एवढंच म्हणाली, "पुन्हा."

चारच्या सुमारास पडद्यावर चौकटी आल्या, रेषा आल्या, पिढ्यांमागून पिढ्या उतरल्या. पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"अक्षरांची जुळणी चुकलीय," एर्मेक पडद्याला नाक लावून म्हणाला. "आपली लिपी त्याला ओळखू येत नाही. थांबा, हे होईल."

"सूनबाई," सागिनबाय हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या सासूला मी शब्द दिला होता, हे कधी उघड करायचं नाही."

"मीही एक दिलाय, बाबा," अनीपा म्हणाली. ती जागची हलली नाही.

एर्मेकचं लक्ष कामात होतं. त्यानं एक ओळ बदलली आणि पान पुन्हा उघडलं. प्रश्नचिन्हं गेली, नावं भराभर उमटली.

"घ्या वहिनी, दादाची सगळी माणसं परत आली." तो बोट फिरवत वरून वाचू लागला. पणजोबा, आजोबा, मग सागिनबाय. तिथं बोट थांबलं. "हे काय? दादा माझंच नाव विसरला. बाबांच्या खाली तो एकटाच आहे."

"खाली बघ, एर्मेक," अनीपा म्हणाली. "पहिलं मूल सासूच्या ओटीत घालायची रीत होती आपल्यात."

एसेनच्या चौकटीतून एकच रेषा खाली उतरत होती. तिच्या टोकाला लिहिलं होतं: मुलगा एर्मेक, आई अनीपा.