सरमिसळ

सिस्टर रोझालीनं कापडी पिशवीतले तांदूळ ताटात ओतले आणि ती पुन्हा बुचकळ्यात पडली. कोलम, जाडे, लाल, उकडे, सगळे एकत्र! सलग तिसऱ्या रविवारी हेच.

उपवासकाळात गावातलं प्रत्येक ख्रिस्ती घर रोज मूठभर तांदूळ गरिबांसाठी बाजूला काढतं आणि रविवारी पिशवी वेदीपाशी ठेवतं. पण एकाच घरात इतक्या जातींचा भात शिजतो कसा?

“दुकानातली झाडलोट असेल,” मदतीला आलेली मोनिकाबाय म्हणाली.

“खडा एक नाही गं. निवडून दिलेत.”

सिस्टरनं ताट मोठ्या पिंपात रिकामं केलं आणि ती बघतच राहिली. ताटातले तांदूळ कुठले, पिंपातले कुठले, ओळखू येईना. घरोघरचे तांदूळ एकत्र होत ते याच पिंपात, आणि इथूनच ते मिठागरावरच्या झोपड्यांत जात.

“अगंबाई, म्हणजे घेणाऱ्यांपैकीच कुणीतरी!” मोनिकाबाय म्हणाली. “शोधून सांगू या, तू देऊ नकोस म्हणून.”

“का? उपवासकाळ काय आपल्या एकट्यांचा आहे?”

पुढच्या रविवारी पिशव्या ठेवायला रांग लागली. इतका छडा लावणारी सिस्टर मात्र डोळे घट्ट मिटून उभी होती.