अव्वानं आणलेला बाजार

‘ह्या भावानं डाळ घेऊन बयाबाईनं लाडू करायचं व्हय?’ गंगव्वानं भरल्या दुकानात विचारलं.

पुडा बांधता बांधता मल्लेशनं मान वर केली. ‘अव्वा, सणाचा भाव हाय. परवडत असलं तर घ्या, नसलं तर लक्ष्मीपुरीच्या बाजारात जावा. मी काय कुणाचा हात धरलाय?’

‘जाऊ?’

‘जा की.’

मागं उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बयाबाईनं रिकाम्या पिशवीची तशीच घडी घातली आणि ती पायरी उतरली.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत गंगव्वाला लहानथोर सगळेच अव्वा म्हणत. तोंडानं फटकळ, पण कुणाच्याही बाळंतपणाला सगळ्यांच्या आधी हजर. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी तोंडावर आली होती आणि तेल, डाळ, रवा सगळंच कडाडलं होतं. त्यात गल्लीत किराणा दुकान एकच आणि घरं सगळी उधारीवर चालणारी. सण आला की मल्लेश भाव चढवायचा आणि बायका मुकाट पिशव्या पुढं करायच्या.

‘इचलकरंजीला निरोप धाडते,’ रस्त्यात बयाबाई म्हणाली. ‘लेकीला सांगते, ह्या साली येऊ नको. जावई कापडाच्या मागावर राबून राबून चार दिस सुट्टी काढतोय. त्याच्या अन् पोरांच्या म्होरं रिकामं ताट कसं मांडू?’

गंगव्वानं तिचा दंड धरला. ‘निरोप धाडायचा न्हाय. लेक येणार.’

संध्याकाळी ती दारोदार फिरली. सगळ्यांनी सणासाठी राखलेले पैसे एकत्र करायचे, पोत्यानं माल आणायचा आणि वाटून घ्यायचा, असा तिचा बेत होता. बायकांना तो पटत होता, पण धीर होत नव्हता.

‘अव्वा, तुझं निराळं हाय,’ विठाबाई म्हणाली. ‘आमची उधारी बंद केली म्हंजे?’

‘मी म्होरं हाय न्हवं? बोलायचं ते आधी मला बोलंल.’

‘दुकानाचा जुना मालक असता तर ही येळच आली नसती,’ बयाबाई हळूच म्हणाली.

गंगव्वानं पदर खोचला. ‘जुना मालक गेला. आता आपणच हाय. पैसं काढा.’

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतल्या पेढीवर तिला बघून घाऊक व्यापारी गणपतराव गादीवरून उठलेच. ‘अव्वा? आज तुमी सोता?’

‘सोताच. पोत्याचा भाव सांगा. आन् डाळ वरवरची दावू नका, तळातली काढा.’

गणपतराव हसले. भाव खाली आला. गंगव्वा गप्प बसून राहिली. भाव आणखी खाली आला. तेव्हा कुठं ती ‘भरा’ म्हणाली.

साखर, डाळ, रवा, पोहे, तेलाचे डबे अशानं टेंपो गच्च भरला. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर बोळातनं वळवायला लागला, तसं तिनं त्याला थांबवलं. ‘दुकानासमोरनंच घे. हॉर्न वाजवत.’

तालमीच्या पटांगणात माल उतरला. कुणीतरी जुनी तागडी आणली. गंगव्वा मांडी घालून बसली आणि वजनं करायला लागली. तिचा हात असा चालत होता, की काटा हलायच्या आत पिशवी भरलेली असायची.

‘कसला हात बसलाय गं अव्वा तुझा!’ विठाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून गल्लीत बेसन भाजल्याचा वास सुटला तो दिवाळीपर्यंत सुटतच राहिला.

मल्लेशच्या दुकानात मात्र चिटपाखरू फिरकेना. तेलाचे डबे रांगेत तसेच उभे. शेजारच्या गल्लीतल्या बायकाही आता अव्वाकडं चौकशीला यायला लागल्या. धनत्रयोदशीला मल्लेश स्वतः तालमीत आला.

‘अव्वा, चारचौघांत माझी अब्रू काढलीस.’

‘मी न्हाय, तुझ्या भावानं काढली.’

‘माणसं हसत्यात मला.’

‘हसत्यात तवर बरं हाय. शिव्या द्यायला लागली की मग काय करशील?’

मल्लेश तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, ‘काय करू, सांग.’

‘पोत्याच्या भावावर चार पैसं ठेव, बाकीचं सोड. आन् ह्या बायकांच्या उधारीला हात लावायचा न्हाय.’

‘मग मी खायाचं काय?’

‘माल खपला की पोटभर खाशील. न खपलेली डाळ किडंच खात्यात.’

बायका फिसकन हसल्या. मल्लेश तडक निघून गेला. पण अर्ध्या तासात दुकानाच्या दारावर नव्या भावाची पाटी लागली, आणि दिवेलागणीला तिथं उभं राहायला जागा नव्हती. पलीकडच्या दोन गल्ल्या लोटल्या होत्या.

पाडव्याला बयाबाईच्या घरात पंगत बसली. जावई, लेक, पोरं, सगळी. पुरणपोळीवर तूप, कटाची आमटी, कुरडया. जावई नको नको म्हणत होता आणि बयाबाई वाढतच होती. ताटात हात आडवा धरून त्यानं शेवटी कळकळीनं विनवलं, ‘आत्ती, आता पुरं.’ ते ऐकून बयाबाईनं आत जाऊन डोळे पुसले. गंगव्वा घरोघर फिरून आली. प्रत्येक घरात तिला एक घास खायला लागला. कुणी हातावर लाडू ठेवला, कुणी पायाला हात लावला.

दुपार टळून गेली तेव्हा ती मल्लेशच्या दुकानासमोर येऊन थांबली. तो रिकामी पोती झटकत होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, ‘सगळा माल गेला. इतका कधीच गेला नव्हता.’

‘मग?’

‘काय न्हाय. सांगितलं.’

गंगव्वाच्या सुरकुतल्या गालांवर हसू पसरलं. तिनं दुकानाची मधली फळी उचलली, आत पाऊल टाकलं आणि माजघराकडं बघून हाक मारली, ‘शांभवी, तुझ्या नवऱ्याचं ताट वाढ गं. दिवाळीभर माझा ल्योक नीट जेवला न्हाय.’