तिसरा बिघाड

“दोनच बिघाड सापडले, सर,” असं म्हणत संयोगितानं हातातली कापसाची काडी एप्रनच्या खिशात सरकवली.

सुमंत खूश झाला. रक्त तपासणाऱ्या मशीनच्या कंपनीतर्फे तो आठवड्यासाठी पुण्याहून सांगलीला आला होता. मशीन अडलं की दोन-दोन दिवस माणसाची वाट बघायची, याला दवाखाना कंटाळला होता. आता लॅबमधल्याच कुणीतरी दुरुस्ती शिकायची होती आणि जी शिकेल तिला दवाखाना कायम करणार होता. आज परीक्षा. सकाळी सुमंतनं मुद्दाम एक नळी सैल केली होती, एक पट्टा उतरवून ठेवला होता. संयोगितानं दोन्ही बिघाड चाळीस मिनिटांत शोधून काढले.

“बाईंची शिफारस, माझी सही. पहिल्या तारखेपासून तुम्ही कायम.”

संयोगिता विट्याकडची. चार वर्षं कंत्राटावर, रोज पहाटेची एसटी. कायम झाली तर सांगलीत खोली घेऊन मुलीला आजोळाहून आणता येणार होतं.

लॅबप्रमुख विनोदिनीबाई खुर्चीतून सगळं बघत होत्या. त्या साताऱ्यात नोकरीला लागल्या तेव्हा काचेची नळी तोंडानं ओढून रक्त मोजत. मशीन म्हणजे लोखंडी डबा. अडला तर बाजूला एक चापट मारायची. या नव्या मशीनला मात्र डोळा होता. आतल्या एका काचेतून ते रक्ताच्या नळीवरची पेशंटची चिठ्ठी वाचायचं. गेला महिनाभर ते चिठ्ठ्या ओळखेनासं झालं होतं. पेशंट रांगेत ताटकळत. “उसाच्या फडातले हात तुमचे, आदळआपट करता,” असं बाई लॅबमधल्या मुलींना बोलल्या होत्या. संयोगिताला जरा जास्तच.

काडी खिशात जाताना त्यांनी पाहिली होती. तिचं टोक लाल होतं.

“सही थांबवा जरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी दुरुस्तीची वही पुढे ओढली. “संयोगिता, तिसरा बिघाड सांग. मी लिहिते.”

“तिसरा न्हाई, बाई.”

“मी दोनच केले होते, बाई,” सुमंत हसला.

“तुमचे दोन झाले. अगं, खिशातली काडी काढ.”

काडी टेबलावर आली. सुमंतचं हसू गेलं.

“वाचायच्या काचेवर होतं हे?”

“व्हय, सर. पुसलंय.”

“मग सांगितलं का नाही?”

संयोगितानं काडी कागदात गुंडाळायला घेतली.

“कारण काय लिहू?” बाईंनी विचारलं.

“धूळ लिवा.”

“सांगलीची धूळ लाल कधीपासून झाली?”

“आवं बाई, जाऊ द्या की! निघालं न्हवं? आता न्हाई अडायचं ते.”

“उद्या मोठ्या डॉक्टरांच्या हातून बिघडलं तर काय लिहिशील? धूळच?”

सुमंतनं पेनला टोपण लावलं. संयोगितानं ते पाहिलं. ती बाईंकडे बघेना, मशीनकडे बघत राहिली.

“कुंकू,” ती म्हणाली. “गेल्या म्हयन्यात खंडेनवमीला झाकण उघडून तुमीच आत वाहिलं, बाई. आमी नुसता नारळ धरला हुता. आमच्या हातांनी न्हाई बिघडलं.”

साताऱ्यापासून आजवर बाईंची एकही खंडेनवमी चुकली नव्हती. पोटाला घालणाऱ्या हत्याराला हात जोडायचे, हे त्यांना तिथल्या साहेबांनी शिकवलं होतं. जुन्या लोखंडी डब्यांवर मूठभर कुंकू पडलं तरी फडक्यानं पुसून काम चालायचं.

बाईंनी संयोगिताचे शब्द होते तसे लिहून घेतले. अक्षर जरा वाकडं आलं. मग वही त्यांनी सुमंतपुढे सरकवली.

“कुंकू माझं, ते काडी बघितली तेव्हाच मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “हिला माझं नाव घेता येतंय का, एवढीच परीक्षा राहिली होती. करा सही.”