कोरा रकाना

रविवारच्या खेळात वहिनी गोष्ट सांगायची, दोघे भाऊ त्यातली पात्रं व्हायचे आणि फटका बसला की हुकला ते फासे ठरवायचे. धाकट्याने आठवडाभर डोकं लढवून आपल्या पात्राच्या कागदावर वाट्याचे सगळे गुण ताकदीत आणि तलवारीत घातले. ‘घरी कोण?’ हा रकाना कोराच ठेवला. त्याने ताकद थोडीच वाढणार होती.

त्याच्या योद्ध्याने एकट्याने राक्षस लोळवला. मोठ्याचा लंगडा आचारी तोवर झाडामागे लपून होता.

वहिनी म्हणाली, “युद्ध संपलं. घरी पोचलात. दार कोण उघडतं?”

“बायको,” मोठा म्हणाला. “आणि दारातच फैलावर घेते.”

वहिनी हसली. “भावजी, तुमचं?”

“कुलूप असतं, वहिनी. किल्ली माझ्याकडेच.”

हे सांगायला त्याला कागद बघावा लागला नाही.